अपिलार्थी गैरहजर

१

“अपिलार्थी वारंवार पुकारूनही गैरहजर. त्यांना अपील चालविण्यात स्वारस्य असल्याचे दिसून येत नाही. सबब अपील काढून टाकण्यात येत आहे.”

पालघरच्या न्यायालयाबाहेर झेरॉक्सच्या टपरीपाशी उभी राहून मी ही तीन वाक्यं चार वेळा वाचली. अपिलार्थी म्हणजे माझे बाबा, महादू पागधरे. त्यांना जाऊन अठरा दिवस झाले होते, आणि मी त्यांच्या अपिलाची पुढची तारीख विचारायला आले होते. हुकूम मात्र ते जिवंत असताना झाला होता, तेरा जानेवारीला. त्या दिवशी दुपारी बाबांनी मला फोन केला होता. संक्रांतीला येतेस ना, म्हणून विचारायला. कोर्टाचं अवाक्षर नव्हतं.

अकरा वर्षांत बाबांनी एक तारीख चुकवली नव्हती. तारखेला ते पांढरा सदरा घालून पहिल्या एसटीनं निघत आणि साहेब यायच्या आधी दीड तास बाकावर बसून राहत. भांडण होतं ते किनाऱ्यावरच्या एका पट्टीचं. तारापूरच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथं त्या पट्टीवर गावच्या बायका बोंबील वाळवतात. बांबूंवर दोर ताणून केलेल्या मांडवांना आमच्याकडे वलांड्या म्हणतात. माझ्या पणजीच्या वलांड्याही तिथंच होत्या. मग मेहुल नावाच्या बाहेरच्या व्यापाऱ्यानं कागदावर ती पट्टी विकत घेतली. खालच्या कोर्टात बाबा हरले, म्हणून हे अपील. ते गेलं की वलांड्या जाणार, आणि साठ घरांचा वाळवणाचा धंदा जाणार.

“पण कळवलं का नाही?” मी दर्पणला विचारलं. दर्पण हा आमच्या वकिलांचा कारकून.

“ताई, दिवाळीच्या आधी आमच्या वकीलसाहेबांना पक्षाघात झाला. सगळी वकीलपत्रं परत केली. मग कोर्टानं प्रत्येक पक्षकाराला घरी नोटीस धाडली, नवी तारीख तिच्यातच होती. तुमच्या दाराला पण लागली ना.”

“नाही लागली.”

“बेलिफाचा रिपोर्ट आहे फायलीत.” त्यानं घाम पुसला. “गैरहजेरीला सबळ कारण दाखवलं तर अपील पुन्हा उभं राहतं. पण तीस दिवसांच्या आत. आज सत्तावीस झाले. आणि कारण म्हणून ‘नोटीस मिळाली नाही’ एवढंच म्हणाल, तर जजसाहेब हा रिपोर्ट तुमच्यापुढं धरतील.”

मी रिपोर्ट वाचला. तेरा नोव्हेंबर. ‘अपिलार्थीचे घर त्यांचे भाऊ यांनी दाखविले. दारास कुलूप. अपिलार्थी होडी घेऊन दर्यावर गेले असून चार दिवस येणार नाहीत, असे सदर भावाने सांगितले. नोटीस दारावर डकवली.’

खाली साक्षीदाराची सही होती: रामनाथ पागधरे.

माझा सख्खा काका.

२

घरी पोचले तेव्हा ओटीवर हिरवं जाळं पसरलं होतं. आमचा जुना खलाशी बुधा दातात सुतळी धरून भोकं सांधत होता. बाबांची होडी ‘जमना’ वाळूत उभी होती. मी दार ढकलून आत गेले. आमच्या दाराला बाहेरून कडीकोयंडा नाही. बाबा म्हणायचे, घरात कोणी ना कोणी असतंच, मग कुलूप कुणासाठी?

आईला मी हुकूम वाचून दाखवला. गोदूबाईला, म्हणजे माझ्या आईला, कोर्टाची भाषा कळत नाही. पण तिनं एक शब्द पकडला.

“स्वारस्य म्हंजे काय?”

“म्हणजे... बाबांना आता त्यात मन राहिलं नव्हतं.”

चुलीवरचं भांडं उतरवून तिनं ते पुन्हा चुलीवर ठेवलं.

तेवढ्यात मितेशदादा आला. रस्त्यापलीकडची चिकू-नारळाची वाडी त्याची. बाबांच्या मयतीला लाकडं त्यानंच आणली होती. त्यानं पिशवीभर चिकू ओटीवर ठेवले.

“काकी, थोडे ताजे बोंबील मिळतील का? पाहुणे येणार आहेत.”

बुधाच्या तोंडातली सुतळी पडली. “भांगाचे ताजे बोंबील? मितेशशेट, तुमच्या झाडाला लागले तर आमाला पन द्या!”

आईसुद्धा त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. “जलम गेला रं तुजा दर्याच्या पाठीला पाठ लावून. आज अष्टमी. पान्याला ओढ नाय तर डोल फुगंल कशी? दशमी-एकादशीपत्तर होड्या वरच.”

“आम्हाला कुठलं कळतंय?” मितेशदादाही हसला. मग माझ्या हातातला कागद पाहून गंभीर झाला. मी सांगितलं. काकाच्या सहीचंही सांगितलं.

“उन्नती, मी कुणाच्या घरातलं बोलणार नाही. पण रामनाथकाकांनी भर बैठकीत सांगितलं होतं, मेहुलचे पैसे घ्या आणि मिटवा. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे.” थोडं थांबून तो म्हणाला, “आणि खरं सांगू? महादूकाका थकले होते. आता काकींना या वयात कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढवतेस?”

तो गेल्यावर बुधा हळूच म्हणाला, “त्याला काय? त्यानं अर्धी वाडी विकायला काडलीय.”

माझं तिकडं लक्ष नव्हतं. मी चपला घालत होते. मला काकाला एकच प्रश्न विचारायचा होता.

३

काका घरामागे दोर वळत बसला होता. अडुसष्ट वर्षांचा. पाठ अजून सरळ. मी कागद त्याच्या समोर धरला.

“ही सही तुमची?”

त्यानं चष्मा लावला. सावकाश वाचलं. चष्मा काढून खिशात ठेवला.

“तुला काय वाटतं?”

“मला वाटण्याचा प्रश्न नाही काका. नाव तुमचं आहे.”

“नाव माजं हाय. मंग सई पन माजीच आसंल.” दोराला त्यानं जोरात पीळ दिला. “गाव काय म्हनतंय? रामनाथनं भावाचा गळा कापला? म्हनू दे. मी मयतीला आलो तवा पन लोकांनी माज्याकडं असंच बगितलं.”

“तुम्ही सांगा ना, की तुम्ही नाही केलंत. मी ऐकते.”

“मी सांगनार नाय.” तो पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघत म्हणाला. “भाऊ गेला. त्याच्याशी आट वर्सं बोललो नाय, त्याची सजा मला हाय. पन त्याच्या पोरीपुडं हात जोडून ‘मी चोर नाय’ म्हनायची सजा मी घेनार नाय. तू शिकलेली. कंपनीत बाटल्या तपासतेस. हा कागद तपास. तारीख वाचलीस. तिथ वाचलीस का?”

“तिथी?”

“कोल्याची पोर ना तू?” तो परत दोराकडं वळला. “का सरावलीत ऱ्हाऊन आता फकस्त सायरन ऐकू येतो?”

४

बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. पंधरा वर्षं मी सरावलीत राहते. तारापूरच्या औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाळीवर जाते. माझा दिवस भोंग्यावर चालतो. दर्याचा दिवस तिथीवर चालतो, हे मी विसरले होते.

घरी आले. भिंतीवर नव्या कालनिर्णयाखाली जुनं तसंच लटकत होतं. बाबा जुनं वर्षभर काढत नसत. मी नोव्हेंबर उलगडला.

तेरा तारीख. गुरुवार. कार्तिक वद्य नवमी.

चौकोनात बाबांनी पेन्सिलनं फुली मारली होती. अकरापासून पंधरापर्यंत सगळ्या चौकोनांत फुल्या. पुढं उधाणाच्या दिवसांत फुली नाही. मागच्या महिन्यात तसंच, त्याच्या मागच्या महिन्यातही.

“आई, या फुल्या कसल्या?”

“भांगाच्या. ते दीस जाल्यांचे.”

मी तिथंच बसले. डोल म्हणजे समुद्रात रोवलेलं पिशवीसारखं जाळं. ते माणूस ओढत नाही, भरती-ओहोटीची ओढ त्याला फुगवते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याला जोर असतो. अष्टमी-नवमीला पाणी मरतं. त्याला भांग म्हणतात. भांगात डोलकर दर्यावर जात नाही, कारण जाऊन उपयोगच नाही. तेरा नोव्हेंबरला बाबा आज बुधा बसला होता तिथंच, ओटीवर, बसले असणार. कोर्टाचा माणूस या दाराशी आला असता, तर नोटीस त्याला बाबांच्या हातात देता आली असती.

म्हणजे बेलिफ या दाराशी आलाच नव्हता. शिवाय ‘दारास कुलूप’. आमच्या दाराला कुलूप लावणार कुठं?

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. काकानं सारं आयुष्य डोलीवर घालवलं. त्याला खोटं बोलायचं असतं तर तो म्हणाला असता, भाऊ बोईसरच्या बाजारात गेलाय. लेकीकडं सरावलीला गेलाय. दवाखान्यात गेलाय. नवमीला ‘दर्यावर गेलाय’ हे खोटं त्याच्या डोक्यात येऊच शकत नव्हतं, जसं शिक्षकाच्या डोक्यात ‘रविवारी शाळेत गेलोय’ येणार नाही. कोळी म्हणजे रोज दर्यावर, असं फक्त ज्यानं कधी डोल लावली नाही त्यालाच वाटतं.

खोटं बोलणारा डोलकर नव्हता. पण त्याला काकाचं नाव ठाऊक होतं, भावाभावांचं वैरही ठाऊक होतं. म्हणजे तो आमच्यातला होता आणि तरी आमच्यातला नव्हता.

आईच्या हातात चिकूंची पिशवी होती. “पिकलेत गं,” ती म्हणाली. “खातेस?”

मी पिशवीकडं बघत राहिले.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पालघरला. अठ्ठावीस दिवस झाले होते.

आधी दर्पण. पक्षकारांना तारखा कळवणं त्याचंच काम, त्यामुळे संशय त्याच्यावरही होता. रिपोर्ट त्याच्यापुढं ठेवून मी फक्त म्हटलं, “त्या दिवशी नवमी होती.”

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. “नवमीला दर्यावर? ताई, माझे आजोबा सातपाटीचे डोलीवाले! मी हा रिपोर्ट नुसता फायलीला लावला, वाचला कुठं? वाचला असता तर तेव्हाच ओरडलो असतो.”

दर्पण यादीतून गेला. त्याला खोटं रचायचं असतं, तर त्यानं बरं खोटं रचलं असतं.

मग बेलिफ. निवृत्तीला सहा महिने राहिलेले, रामा नावाचे गृहस्थ. माझं ऐकताच त्यांचा चेहरा तांबडा झाला.

“एकतीस वर्षं नोकरी झाली, बाई. माझ्या रिपोर्टावर कुणी बोट ठेवलेलं नाही. मी गेलो होतो. थांब्यावर उतरलो, महादू पागधऱ्यांचं घर कुठं विचारलं. एक जण पुढं झाला. म्हणाला, माझेच भाऊ. गाडीवर बसवून नेलं, सही केली, परत थांब्यावर सोडलं.”

“त्याचा चेहरा आठवतो?”

“दिवसाला वीस दारं करतो. चेहरा पुढं आला तर ओळखीन, असा सांगता नाही येणार. दार मात्र आठवतंय.”

“का?”

“नोटीस डकवताना पाय घसरला ना! दाराशी नारळाच्या सोडणांचा हा ढीग. गुडघा फुटला. म्हटलं, कोळ्याच्या दारात सोडणं कशाला एवढी?”

वाक्य पुरं करताच त्यांनी माझ्या हातातला रिपोर्ट घेऊन पुन्हा वाचला.

“रामाकाका,” मी म्हटलं, “तुमच्या रिपोर्टावर मी बोट ठेवत नाही. तुम्ही पाहिलंत ते खरंच लिहिलंत. ते दार मला पुन्हा दाखवाल?”

त्यांनी पिशवी उचलली. “तुमच्या शेजारच्या पाम गावात एक समन्स आहेच. चला.”

६

थांब्यापासून ते स्वतः चालत पुढं होते, मी मागं. दुसऱ्या वळणाला आमच्या घराचा रस्ता उजवीकडं जातो. ते डावीकडं वळले. वाडीच्या कुंपणाला एक फाटक होतं. आत पत्र्याची, नारळ ठेवायची खोली. दाराला पितळी कुलूप. पायाशी सोडणांचा ढीग.

दाराला नवा हिरवा रंग दिला होता. मी जवळ गेले. रंगाखाली वीतभर रुंदीचा खरखरीत चौकोन दिसत होता, वाळलेल्या खळीचा. वरच्या कोपऱ्यात, चौकटीच्या फटीत, कागदाची बोटभर चिंधी अडकून राहिली होती. तिच्यावर जांभळ्या शिक्क्याची अर्धी कड. मी तिला हात लावला नाही. फोटो काढले. बेलिफांनी खिशातून चष्मा काढला आणि बघितलं.

“आमचाच शिक्का,” ते म्हणाले.

बुधाकरवी मी आईला आणि काकाला बोलावून घेतलं होतं. ते फाटकातून आत येत होते, तेवढ्यात वाडीतून मितेशदादा आला. त्याची नजर आमच्यावरून फिरली. बेलिफांचा चेहरा एकदम उजळला. जुनी ओळख पटावी तसे ते दोन पावलं पुढं झाले.

“नमस्कार, रामनाथराव! बरं झालं भेटलात. या बाई म्हणतायत...”

खरा रामनाथ त्यांच्या मागं चार हातांवर उभा होता.

“मी?” काका म्हणाला. “मला नमस्कार कर ना बाबा. रामनाथ मी हाय.”

मितेशनं फाटकाकडं पाहिलं. मग तो माझ्याकडं वळला. “उन्नती, हे ठरवून नव्हतं. मी पान खायला थांब्यावर गेलो होतो. हा माणूस घर विचारत होता. तोंडातून निघून गेलं.”

“म्हणून तर सापडलास,” मी म्हटलं. “विचार करायला वेळ मिळाला असता, तर कुणाला तरी विचारून घेतलं असतंस, आज होड्या वर आहेत का म्हणून. काल आईला बोंबील मागितलेस ना, तसंच.”

“अरे, पण अपील हरणारच होतं! अकरा वर्षं! पट्टी मोकळी झाल्याशिवाय मेहुल माझी वाडी घेत नाही. माझ्या पोरीचं परदेशातलं शिक्षण... महादूकाकांना तरी काय मिळत होतं? मी फक्त जे होणार होतं ते लवकर...”

“हरायचं असतं तर हरले असते,” मी म्हटलं. आवाज चढू दिला नाही. “बाकावर बसून, साहेबांच्या तोंडून ऐकून हरले असते. तो त्यांचा हक्क होता. तू त्यांना हरवलं नाहीस, मितेश. तू त्यांना गैरहजर ठेवलंस. आणि मेल्यावर आमच्याच ओटीवर येऊन म्हणालास, ते थकले होते.”

तो आईकडं वळला. “काकी, मयतीची लाकडं मी...”

आईनं पदराखालून चिकूंची पिशवी काढली आणि सोडणांच्या ढिगावर ठेवली. एकही खाल्लेला नव्हता.

“लाकडांचं सांग किती जाले,” ती म्हणाली. “उद्या धाडते.”

७

अर्ज तिसाव्या दिवशी, गुरुवारी दुपारी, दाखल झाला. सोबत बेलिफांचं प्रतिज्ञापत्र, दाराचे फोटो, काकाच्या खऱ्या सहीचे तीन नमुने आणि नोव्हेंबरचं कालनिर्णयाचं पान. दर्पणनं गाठून दिलेल्या नव्या वकीलबाई हेमाली म्हणाल्या, पहिलं वाक्य तुम्ही सांगा, बाकी मी लिहिते. मी सांगितलं: ‘अपिलार्थी यांना अपील चालविण्यात स्वारस्य होते.’

मेहुलच्या वकिलांनी आक्षेप घेतला. अपिलार्थी हयात नाहीत, आता कुणासाठी उकरायचं? साहेबांनी पेन्सिलच्या फुल्यांचं पान बराच वेळ पाहिलं. ‘भांग’ म्हणजे काय, हे त्यांनी काकाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून विचारलं. काका पंधरा मिनिटं बोलला. मध्ये साहेबांनी एकदाही थांबवलं नाही. अपील पुन्हा दाखल झालं. वारस म्हणून आईचं नाव लागलं. मितेशच्या खोट्या सहीची फिर्याद वेगळी चालू आहे. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

अपिलाचा निकाल काय लागेल, मला माहीत नाही. जिंकूच असं हेमालीबाईही म्हणत नाहीत.

पहिल्या तारखेला आम्ही पहिल्या एसटीनं निघालो. मी, काका, बुधा आणि वलांड्यांवरच्या अकरा बायका. तो भांगाचा दिवस होता, सगळ्यांना मोकळीक होती. त्यांतल्या रखमाबाईनं डबा आणला होता, तो पालघर यायच्या आत संपला. आईनं बाबांचा पांढरा सदरा धुऊन, घडी करून पिशवीत घेतला होता. कशाला, मी विचारलं नाही. साहेब यायच्या आधी दीड तास ती बाकाच्या त्याच टोकाला बसून राहिली.

अकरा वाजून गेल्यावर शिपाई दाराशी आला आणि नेहमीच्या कंटाळलेल्या सुरात त्यानं पुकारा केला.

“मयत महादू पागधरे तर्फे वारस गोदूबाई महादू पागधरे... हजर?”

मी आईला हात द्यायला वाकले. ती माझ्या आधीच उभी होती. मांडीवरची पिशवी तिनं छातीशी धरली होती.

“हाय,” ती म्हणाली. आत ऐकू गेलं नसेल असं वाटून तिनं पुन्हा, वलांड्यांच्या या टोकाकडून त्या टोकाला हाक मारावी तसं, सांगितलं.

“हाय! आमी हाय!”